शब्दाची पत आणि मुलांचा संयम

बाजारात ज्याच्या शब्दाला पत आहे अशा एखाद्या व्यापाऱ्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. धान्याच्या पेठेत त्याची पेढी आहे. "शनिवारी दुपारपर्यंत रक्कम पोहोचेल," असे त्याने सांगितले की समोरचा माणूस चिठ्ठी मागत नाही, साक्षीदार मागत नाही. शनिवारी दुपारी रक्कम पोहोचते. पंधरा वर्षांत हा क्रम कधी चुकलेला नाही आणि त्याच बळावर अडचणीच्या हंगामातही त्याला उधारीवर माल मिळतो.

त्याच शनिवारी संध्याकाळी घरून फोन येतो. सहा वर्षांचा मुलगा विचारतो, "पप्पा, कधी येणार? आज बागेत जायचं ठरलं होतं ना?"

"आलोच बेटा, पाच मिनिटांत."

ती पाच मिनिटे संपतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. मुलगा पायांत बूट घालूनच सोफ्यावर झोपी गेलेला असतो. रविवारी सकाळी पाहुण्यांनी पेढ्यांचा पुडा आणलेला असतो. आजी त्याला एक पेढा देते आणि म्हणते, "आत्ता एकच खा. जेवण झाल्यावर आणखी दोन देईन." मुलगा ऐकून न ऐकल्यासारखे करतो, पुड्यात हात घालतो आणि मुठीत येतील तेवढे पेढे घेऊन पळून जातो. "याला जराही धीर नाही," असे घरातील सर्वजण म्हणतात, वडीलही म्हणतात.

हे निदान कितपत खरे आहे? मुलांना धीर कशाने येतो आणि कशाने सुटतो, या प्रश्नाचा बालमानसशास्त्राने गेली सहा दशकांहून अधिक काळ बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून जे हाती आले आहे, ते पालकांना, विशेषतः दिवसाचे दहा-बारा तास दुकानात घालवणाऱ्या पालकांना, स्वतःच्या वहीत डोकावून पाहायला लावणारे आहे.

आज्ञापालन आणि स्वनियमन

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल. स्वनियमन म्हणजे मनात उसळलेली इच्छा, राग किंवा भीती ओळखून तिला आवर घालणे, विचलित झालेले लक्ष परत जागेवर आणणे आणि ठरवलेल्या गोष्टीला धरून राहणे. मोठ्यांच्या धाकाने गप्प बसणारे मूल आज्ञाधारक असेल. ते स्वनियमन शिकलेच आहे, असे म्हणता येत नाही. वडील खोलीतून बाहेर गेल्यावर ते काय करते, यावरून त्याची परीक्षा होते.

ही क्षमता जन्मतः पूर्ण विकसित नसते. कपाळामागील मेंदूचा जो भाग आवेगांना लगाम घालतो, त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. तीन वर्षांच्या मुलाने भर बाजारात फतकल मारून रडणे हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून त्याच्या वयाचा भाग असतो. या वयात मुलाला शांत करण्याचे काम मोठ्यांना करावे लागते. जवळ घेणे, आवाज खाली आणणे, "तुला राग आला आहे, कारण फुगा फुटला," असे त्याच्या भावनेला नाव देणे, हे पुनःपुन्हा झाले की हळूहळू मूल तेच स्वतःसाठी करू लागते. मोठ्या माणसाच्या आधाराने जे घडते, तेच पुढे स्वतःच्या बळावर घडते.

दुकानदाराच्या मुलाने विचारलेला प्रश्न

या विषयाशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव वॉल्टर मिशेल यांचे आहे. त्यांचा जन्म १९३० साली व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १९३८ साली नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि या कुटुंबाला घरदार सोडून पळ काढावा लागला. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वडिलांनी किरकोळ वस्तूंचे एक स्वस्त दुकान टाकले. अशा दुकानदाराच्या घरात वाढलेला हा मुलगा मानसशास्त्रज्ञ झाला.

१९५० च्या दशकात ते त्रिनिदाद बेटावर गेले. तेथे भारतातून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज आणि आफ्रिकी वंशाचे लोक शेजारी-शेजारी राहत. एक समाज दुसऱ्याला उधळ्या म्हणे, तर दुसरा पहिल्याला कंजूष. मिशेल यांनी शाळेतील सात ते नऊ वर्षांच्या मुलांपुढे एक साधा पर्याय ठेवला: लहान गोळी आज घ्यायची की मोठी गोळी आठवड्याने? हा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत बळकट संबंध आढळला तो वडिलांच्या घरात असण्या-नसण्याशी. ज्यांचे वडील घरी राहत नव्हते, ती मुले 'आज'ची लहान गोळी अधिक प्रमाणात निवडत. थांबण्याच्या मागे विश्वास असतो, मोठे माणूस आठवड्याने परत येईल आणि दिलेला शब्द पाळील ही खात्री असते, हा विचार येथेच मिशेल यांच्या मनात रुजला.

स्टॅनफर्डच्या बालवाडीत

पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत १९६८ ते १९७४ या काळात मिशेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५० हून अधिक मुलांवर आपले प्रसिद्ध प्रयोग केले. मूल एका खोलीत बसे. समोर खाऊ असे. कधी बिस्किट, कधी खारे प्रेट्झेल, तर कधी मार्शमेलो नावाची मऊ मिठाई. मार्शमेलोत प्राणिज जिलेटिन असल्याने जैन घरांत ती वर्ज्य आहे. पण हा प्रयोग जगभर तिच्याच नावाने ओळखला जातो. मुलाला सांगितले जाई, "मी बाहेर जाऊन येईपर्यंत थांबलास तर जास्त मिळेल. थांबवले नाही तर मला बोलाव, म्हणजे कमी मिळेल." त्यानंतर मोठे माणूस निघून जाई आणि मूल एकटे उरे.

कोण किती थांबले, याचीच पुढे सर्वत्र चर्चा झाली. मिशेल यांचे कुतूहल मात्र वेगळे होते. थांबणारी मुले नेमके काय करतात, हे त्यांना पाहायचे होते. काही मुलांनी डोळ्यांवर हात धरले, काहींनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केले, काही गाणी म्हणू लागली, तर काही स्वतःशीच बोलत बसली. खाऊकडे एकटक पाहत मनाचा हिय्या करणारी मुले लवकर हरली.

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे आकड्यांतून दिसले. दोन्ही खाऊ नजरेसमोर असताना मुलांनी सरासरी केवळ एक मिनिट वाट पाहिली. दोन्ही नजरेआड असताना हीच सरासरी ११ मिनिटांच्या वर गेली. मुले त्याच बालवाडीतील होती आणि खाऊही तोच होता. फरक केवळ झाकण्याचा होता. नंतरच्या प्रयोगांत मुलांना सांगितले गेले, की मार्शमेलो हा जणू आकाशातील पांढरा ढग आहे, अशी कल्पना करा. चवीऐवजी आकाराकडे लक्ष वळताच त्यांना थांबणे सोपे गेले.

आणखी एका प्रयोगात मुलांना कंटाळवाणे काम देऊन शेजारी दिव्यांची उघडझाप करणारी, बोलणारी विदूषकाची पेटी ठेवली गेली. पेटी सारखी खेळायला बोलावी. "मन लावून काम कर," एवढाच उपदेश ऐकलेली मुले तिच्या मोहात पडली. "पेटीने हाक मारली, तर म्हणायचे, 'मी तुझ्याकडे बघणार नाही'," असे नेमके उत्तर आधीच ठरवून दिलेली मुले अधिक काळ कामात राहिली.

या सर्वांतून निघणारा अर्थ पालकांसाठी महत्त्वाचा आहे. संयम ही दात-ओठ खाऊन दाखवायची ताकद नाही. ती शिकता येणारी आणि शिकवता येणारी रीत आहे. मोह नजरेआड करणे, लक्ष दुसरीकडे नेणे आणि मोहाच्या क्षणी काय करायचे हे आधीच ठरवून ठेवणे, हे तिचे तीन धागे होत. मिशेल स्वतः दीर्घकाळ धूम्रपानाच्या आहारी गेले होते आणि ती सवय त्यांना मोठ्या कष्टाने सोडावी लागली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

एका मिठाईवरून भविष्य

१९९० साली याच बालवाडीतील काही मुलांचा पुढील वृत्तांत प्रसिद्ध झाला. लहानपणी विशिष्ट परिस्थितीत अधिक वेळ थांबलेल्या मुलांना किशोरवयात महाविद्यालय प्रवेशपरीक्षेत अधिक गुण होते. मग जगभर या प्रयोगाला भविष्यवाणीचे रूप आले. थांबला तो यशस्वी आणि खाल्ले तो अपयशी, अशी सोपी समीकरणे मांडली गेली. पालक घरच्या घरी मुलांची परीक्षा घेऊ लागले.

२०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन व होआनन क्वान यांनी ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला. ही मुले विद्यापीठातील प्राध्यापकांचीच नव्हती. विविध आर्थिक स्तरांतील होती. मूळ संबंध येथे निम्माच आढळला. घरची परिस्थिती, आईचे शिक्षण आणि मुलाची आधीची बौद्धिक तयारी हिशेबात घेतल्यावर तो आणखी दोन तृतीयांशांनी घटला. म्हणजेच एका दुपारच्या एका मिठाईवरून कोणाच्याही मुलाचे भविष्य वर्तवता येत नाही.

याचा अर्थ संयमाला मोल नाही, असा मात्र नव्हे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. तेथे एका प्रसंगाऐवजी वयाच्या ३ ते ११ वर्षांपर्यंत निरीक्षक, पालक, शिक्षक आणि खुद्द मूल यांच्याकडून संयमाची पारख केली गेली. २०११ साली टेरी मॉफिट व सहकाऱ्यांनी ३२ व्या वर्षीची स्थिती मांडली. बालपणी संयम अधिक असलेल्यांचे आरोग्य चांगले होते, गुन्ह्यांत सापडण्याचे प्रमाण कमी होते. व्यापारी वाचकांना विशेष वाटावे असे म्हणजे, त्यांची बचतीची सवय अधिक होती आणि कर्जफेडीच्या अडचणी कमी होत्या. बुद्धिमत्ता आणि घरची सांपत्तिक स्थिती वेगळी काढूनही हा संबंध टिकला. यातील दिलासा देणारी गोष्ट अशी, की वाढत्या वयात ज्यांचा संयम सुधारला, त्यांची पुढील स्थितीही अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. लहानपणी धीर कमी असलेल्या मुलासाठी दार बंद झालेले नसते.

न पाळलेला शब्द

आता त्या पेढे घेऊन पळालेल्या मुलाकडे वळावे. त्याच्या वागण्यावर सर्वाधिक प्रकाश टाकणारा प्रयोग अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. सेलेस्ट किड या संशोधिकेने पूर्वी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केले होते. जेथे हातातील वस्तू केव्हाही हिसकावली जाऊ शकते, तेथे वाढणारे मूल मिठाईसाठी थांबेल का, असा प्रश्न तिला पडला.

तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांचे दोन गट केले गेले. मुलांना चित्र रंगवायला वापरलेले खडू दिले आणि सांगितले, "थोडे थांबलात तर याहून छान रंग आणून देते." एका गटाला खरोखरच सुंदर रंग मिळाले. दुसऱ्या गटाकडे संशोधिका रिकाम्या हाताने परतली आणि म्हणाली, "माफ करा, रंग संपले आहेत." चिकटचित्रांच्या बाबतीत पुन्हा तेच घडले. पहिल्या गटाला शब्दाप्रमाणे मिळाले, दुसऱ्याला पुन्हा केवळ दिलगिरी मिळाली. त्यानंतर मार्शमेलोचा प्रयोग झाला.

ज्यांना दोनदा शब्दाप्रमाणे मिळाले होते, ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. त्या १४ मुलांपैकी ९ जण पूर्ण १५ मिनिटे थांबले. ज्यांच्याशी दोनदा शब्द मोडला गेला होता, ती मुले सरासरी ३ मिनिटे थांबली आणि १४ पैकी एकच शेवटपर्यंत टिकले. मुले चिठ्ठ्या टाकून वाटावीत तशी दोन गटांत विभागली होती. एका गटात धीराची आणि दुसऱ्यात अधीर मुले होती, असे काही नव्हते. केवळ अर्ध्या तासाच्या आत, दोन लहान फसवणुकींनी हा फरक पडला.

व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ज्याचे दोन धनादेश न वटता परत आले, त्याला तिसऱ्यांदा उधारीवर माल कोण देईल? हातात येईल ते रोख घेऊन मोकळे होण्यातच शहाणपण असते. मूलही तेच करते. त्याच्या दृष्टीने 'नंतर दोन' ही उधारी असते आणि देणाऱ्याच्या पतीवर तिचे मोल ठरते. ज्याला घर अधीरपणा म्हणते, तो पुष्कळदा मुलाने मागील अनुभवांवरून काढलेला बरोबर हिशेब असतो.

आजीने शब्द मोडला नव्हता, मोडला तो वडिलांनी, असे कोणी म्हणेल. परंतु लहान मुलाच्या लेखी घर ही एकच पेढी असते; एका भागीदाराची पत घसरली, तर तिचा भार सर्वांवर येतो. लॉरा मायकेलसन व युको मुनाकाता यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांनी एका मोठ्या माणसाला दुसऱ्याशी खोटे वागताना पाहिले. त्यानंतर त्या माणसाने दिलेल्या आश्वासनासाठी ही मुले कमी वेळ थांबली. मुलाची स्वतःची फसवणूक व्हायलाच हवी असे नाही. दुसऱ्याची झालेली पाहिली तरी पुरते. फोन वाजल्यावर "पप्पा घरी नाहीत असं सांग" हे वाक्य ज्या घरात मुलाच्या तोंडून वदवून घेतले जाते, तेथे मूल त्या दिवशी काय शिकते, याचा विचार व्हायला हवा.

सवयीचे बळ

विश्वासाइतकेच महत्त्व सवयीला आहे. जपानमधील क्योटो आणि अमेरिकेतील बोल्डर येथील मुलांचा एक तुलनात्मक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. जपानी घरांत आणि शाळांत सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. अमेरिकी घरांत नाताळच्या झाडाखाली ठेवलेल्या भेटी ठरलेल्या सकाळपर्यंत कोणी उघडत नाही. प्रयोगात जपानी मुले खाऊसाठी भेटवस्तूच्या सुमारे तिप्पट वेळ थांबली. अमेरिकी मुले नेमकी उलट वागली. गुंडाळलेल्या भेटीसाठी ती कितीतरी अधिक वेळ थांबली आणि खाऊसाठी मात्र थांबू शकली नाहीत. कोणता समाज अधिक संयमी, या प्रश्नाला येथे अर्थच उरत नाही. ज्या ठिकाणी रोज थांबण्याचा सराव आहे, त्या ठिकाणी थांबणे सोपे जाते.

जैन घरांत अशा सरावाच्या जागा पिढ्यानपिढ्या आहेत. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणे, तिथीला हिरवी भाजी टाळणे, नवकारसीसाठी सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबणे, सामायिकात तेवढाच वेळ एका आसनावर बसणे, या सर्व गोष्टी लहानपणापासून डोळ्यांसमोर घडत असतात. त्यांचे धार्मिक मोल वेगळे. मुलाच्या मनाच्या घडणीत त्या रोजच्या तालमीसारख्या असतात. मात्र ही तालीम मुलाने पाहून, हौसेने आणि आपल्या वयाला झेपेल एवढीच उचललेली असावी. धाकाने किंवा कौतुकाच्या भुकेने केलेला त्याग बाहेरचा पहारा उठताच गळून पडतो. शिवाय सवय ज्या क्षेत्राची, त्या क्षेत्रातच ती प्रथम उपयोगी पडते. खाण्याच्या बाबतीत दृढ असलेले मूल मोबाईलच्या बाबतीत हतबल होऊ शकते, कारण तेथे घरात कोणतीही तिथी पाळली जात नाही.

घराच्या वहीत काय असावे

या संशोधनाचा रोजच्या संसारात उपयोग कसा करावा? प्रथम आश्वासने कमी द्यावीत आणि ती नेमकी असावीत. "नंतर बघू", "पुढच्या वेळी नक्की", "पाच मिनिटांत आलोच" ही वाक्ये मोठ्यांच्या लेखी बोलण्याची पद्धत असते. मुलाच्या लेखी तो वायदा असतो. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या हंगामात दुकान सोडता येत नाही, हे खरे आहे. तेव्हा तसेच सांगावे: "या आठवड्यात जमणार नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी जाऊ." घरातील दिनदर्शिकेवर मुलाच्याच हाताने खूण करून घ्यावी. खरी तारीख कळलेले मूल रडेल, पण थांबू शकेल. अनिश्चित वायद्यावर थांबणे मोठ्यांनाही जमत नाही.

शब्द मोडावा लागलाच, तर तो बुडीत खाती टाकू नये. मुलासमोर बसून चूक मान्य करावी, नवी वेळ द्यावी आणि ती पाळावीच. बदल्यात महागडे खेळणे आणून प्रकरण मिटवण्याचा मोह टाळावा. मुलाला खेळणे मिळते, पण शब्दाचे देणे तसेच उरते.

एकत्र कुटुंबात आणखी एक पथ्य पाळावे लागते. आईने नाही म्हटले आणि आजोबांनी खिशातून गुपचूप गोळी काढून दिली, की त्या घरात 'नाही' या शब्दाचा भाव उतरतो. मूल रडत राहिल्यावर चारदा नकार आणि पाचव्यांदा होकार मिळाला, तर ते पाच वेळा रडायला शिकते. जे नियम असतील ते थोडे असावेत, पण आजी-आजोबांपासून काकांपर्यंत सर्वांनी ते सारखे पाळावेत.

मोह झाकून ठेवणे ही बिंग बालवाडीची शिकवण घरात सहज वापरता येते. मिठाईचा डबा वरच्या फडताळात, जेवताना सर्वांचे फोन एका टोपलीत, अभ्यासाच्या वेळी दूरचित्रवाणी बंद. मुलाच्या मनोबलाची रोज परीक्षा पाहण्यापेक्षा त्याच्यापुढील मोह कमी करणे शहाणपणाचे. फोनच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. दुकानात ग्राहक असताना रडणाऱ्या मुलाच्या हातात फोन देणे आता सर्रास झाले आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांबाबत दाखवले, की शांत करण्यासाठी वारंवार फोन वा टॅबलेट दिलेल्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, पुढील महिन्यांत भावनांचा उद्रेक अधिक आढळला. फोनने रडणे थांबते. पण स्वतःला शांत करण्याची जी संधी मुलाला त्या क्षणी मिळणार होती, ती हुकते.

मोहाच्या क्षणासाठी उत्तर आधीच ठरवून द्यावे. "चिडू नकोस" हा उपदेश मुलाला काय करावे ते सांगत नाही. "भावाने खेळणं ओढलं, तर हात मागे घ्यायचे आणि मला हाक मारायची," हे सांगते. असे एक-दोन ठराव शांत वेळी करून, खेळून पाहिलेले असावेत.

जुने खेळही या कामी येतात. 'चिमणी उड, कावळा उड' खेळताना 'म्हैस उड' म्हटल्यावर बोट खाली ठेवायचे असते. 'स्टॅच्यू' म्हणताच आहे तसे थिजून उभे राहायचे असते. संशोधक लहान मुलांचे स्वनियमन मोजण्यासाठी "डोके म्हटले तर पायाच्या बोटांना हात लाव" अशा स्वरूपाची चाचणी वापरतात. घरातले खेळ त्याच क्षमतेचा हसत-खेळत सराव करून घेतात आणि त्यांना खर्च शून्य आहे. सराफाच्या किंवा कापडाच्या दुकानात रविवारी बसलेल्या मुलाला नाणी मोजून रास लावायला सांगणे, आपली पाळी येईपर्यंत थांबवणे, हेही शिक्षणच होय.

शेवटची गोष्ट मोठ्यांच्या स्वतःच्या वागण्याची. झोप अपुरी असलेले, भुकेले मूल धीर धरू शकत नाही. दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून बोलून थकलेले वडील घरी येऊन चढ्या आवाजात बोलतात, तेव्हा त्यांचेही तेच झालेले असते. अशा वेळी "मी दमलो आहे, दहा मिनिटं बसतो आणि मग तुझ्याशी बोलतो," असे सांगून खरोखर दहा मिनिटांनी उठणारे वडील मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी शिकवतात: थकवा आणि राग कसा आवरावा, आणि शब्द कसा पाळावा.

पुढच्या शनिवारी

पेठेतील त्या पेढीवर पुढच्या शनिवारी पुन्हा फोन वाजेल. समोर गिऱ्हाईक असेल, हमाल गाडी लावून उभे असतील. "आलोच पाच मिनिटांत" हे शब्द सवयीने ओठांवर येतील. त्याऐवजी म्हणता येईल, "बेटा, आज मला रात्र होणार. तू जेवून झोप. उद्या सकाळी सात वाजता बागेत जाऊ." मुलगा कदाचित नाराज होईल, फोन आजीच्या हातात देऊन निघून जाईल.

रविवारी सकाळी सातला वडील बूट घालून दारात उभे असले, म्हणजे लगेच सारे बदलेल असे नाही. त्या दिवशीही आजीच्या दोन पेढ्यांसाठी तो थांबणार नाही कदाचित. एकदा उतरलेली पत एका हप्त्याने परत येत नाही, हे बाजारात बसणाऱ्याला ठाऊक असते. दुसरा हप्ता भरावा लागतो, तिसरा भरावा लागतो. मूल मात्र प्रत्येक जमा बिनचूक नोंदवत असते.